पोळी बंद केली, पोट शांत झालं. पण दोष ग्लुटेनचाच होता का?

दिवाळी झाल्यावर बिलोलीहून मावसभावाचा फोन आला. "ताई, मी पोळी बंद केलो. दोन महिने झाले. पोट एकदम शांत हाय बघ."

अन्नशास्त्रात पीएचडीला लागल्यापासून घरातल्या प्रत्येकाच्या पोटाची तक्रार आधी माझ्याकडे येते, मग डॉक्टरकडे जाते. त्यामुळे फोनचं नवल नव्हतं. नवल वाटलं ते पुढच्या वाक्याचं. "आता ते ग्लुटेन फ्री आटा ऑनलाइन मागवायलो. पण लई महाग हाय. कोणता घेऊ सांग."

ज्याच्या घरात शाळूचं पोतं उभं आहे, ज्याची आजी आयुष्यभर दोन वेळ भाकरी खाऊन जगली, तो मुलगा डबाबंद पिठाचे भाव विचारत होता! पण त्याच्यावर हसण्याआधी त्याची बाजू ऐका. तीन वर्षं त्याचं पोट बिघडलेलं होतं. सकाळी दोन-तीनदा जावं लागायचं. आधी कळ यायची, जाऊन आलं की कमी व्हायची. जेवलं की पोट डब्ब. परीक्षेच्या दिवशी किंवा नांदेडच्या बसमध्ये बसायच्या आधी हमखास गडबड. सोनोग्राफी नॉर्मल, साधी रक्ततपासणी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नको. टेन्शन घेऊ नको म्हटल्यावर कुणाचं टेन्शन गेलंय? मग त्याने एक व्हिडिओ पाहिला, गहू सोडला आणि बरं वाटलं.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. "गहू सोडायच्या आधी टीटीजीची तपासणी केलास का?"

"ते काय असतंय?"

आजचा लेख या "ते काय असतंय" साठी आहे. तुमच्या घरात कुणी पोटासाठी गहू सोडायचा विचार करत असेल, तर सोडण्याआधी हे वाचा. आणि आधीच सोडला असेल तर जरूर वाचा. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते: मी पीएचडीवाली आहे, एमबीबीएस नाही. संशोधन काय म्हणतं ते मी समजावू शकते. तुमच्या पोटावर हात ठेवून बघायचं काम डॉक्टरांचंच.

ग्लुटेन बघायचंय? परातीत बघा

ग्लुटेन म्हणजे काहीतरी रसायन आहे, कंपन्या ते पिठात घालतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. ग्लुटेन हे गव्हातलंच प्रथिन आहे. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं कोरड्या पिठात सुटी असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि रबरासारखी जाळी तयार होते.

कणकेचा एक गोळा घ्या, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग वाहत्या पाण्याखाली हळूहळू चोळून धुवा. पांढरं पाणी जात राहील, ते स्टार्च. शेवटी हातात च्युइंगमसारखा चिवट गोळा उरेल. त्यात बहुतांश ग्लुटेन असतं.

आता ज्वारीचं पीठ घ्या. तसाच प्रयोग करा. हातात काहीच उरणार नाही, सगळं पाण्याबरोबर जाईल. म्हणून तर पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते. म्हणून ज्वारीच्या पिठाला गरम पाणी लागतं, म्हणजे स्टार्च थोडा शिजतो आणि ग्लुटेनऐवजी तोच पीठ धरून ठेवतो. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना फाटते, पण कणीक सहसा फाटत नाही. आपल्या आया-आज्यांना हा फरक हाताने माहीत आहे, फक्त त्याला ग्लुटेन हे नाव नव्हतं.

ग्लुटेन गव्हात असतं, म्हणजे मैदा, रवा, दलिया, शेवया या सगळ्यांत असतं. खपली गव्हातही असतं. खपलीला 'ग्लुटेन नसलेला गहू' म्हणून विकणारे भेटतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. त्याच जातीची प्रथिनं जव म्हणजे सातूच्या धान्यात आणि राय या धान्यातही असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा, वरई यांत ग्लुटेन नसतं.

तक्रार एक, आजार वेगवेगळे

गहू खाल्ला की पोट बिघडतं, या एका वाक्यामागे किमान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, सिलियाक आजार. यात ग्लुटेन आतड्यात पोहोचलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यातून अन्न शोषलं जातं. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, वजन घटणं ही लक्षणं असतातच असं नाही. कधी फक्त रक्त कमी असतं आणि लोहाच्या गोळ्या खाऊन वाढत नाही. कधी मुलाची उंची खुंटते, कधी हाडं ठिसूळ होतात. आपल्याकडे बाईच्या अंगात रक्त कमी असणं इतकं नेहमीचं मानलं जातं, की त्यामागे आतडं असेल अशी शंकाही येत नाही.

दुसरी, गव्हाची अ‍ॅलर्जी. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं, उलटी. हा वेगळा मामला आहे, आणि दम लागत असेल तर थेट दवाखाना गाठायचा.

तिसरी, आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात आतडं दिसायला धडधाकट असतं, पण वागायला लहरी. डॉक्टर ज्या 'रोम' निकषांवर हा आजार ओळखतात, त्यांची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये आली. तिच्यानुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखायला हवं, आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मल पातळ-घट्ट होण्याशी असायला हवा, यांतल्या किमान दोन गोष्टींशी. त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची हवी. आयबीएसने आतडं खराब होत नाही, आयुष्य कमी होत नाही. पण रोजचं जगणं मात्र संडासच्या अंतरावर येऊन थांबतं. ज्यांना आहे त्यांना विचारा.

गोम अशी, की सिलियाक आणि आयबीएस बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात. दोन्हींत गॅस, कळ, जुलाब. दोन्हींत गहू सोडल्यावर बरं वाटू शकतं. म्हणजे 'गहू सोडला आणि बरं वाटलं' एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

एका प्रबंधाची गोष्ट

सिलियाकमध्ये दोष गव्हाचा आहे, हे कळलं कसं? विलेम कारेल डिके हे नेदरलंड्समधले बालरोगतज्ज्ञ. या आजाराच्या मुलांना गहू सोसत नाही, असा संशय त्यांना १९३० च्या दशकापासून होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात देशात उपासमार झाली आणि ब्रेड मिळेनासा झाला. बाकी सगळे खंगत असताना सिलियाकची मुलं मात्र सुधारल्याचं दिसलं. युद्ध संपून ब्रेड परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. डिकेंनी नंतर मुलांच्या आहारात गहू घालून-काढून काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात त्यावर प्रबंध सादर केला. आम्हा पीएचडीवाल्यांना अधूनमधून ही गोष्ट आठवावी लागते, नाहीतर प्रबंध फक्त कपाटासाठी असतो असं वाटायला लागतं.

यातली पद्धत लक्षात ठेवा: काढून बघणं आणि परत घालून बघणं. लेखाच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

आपल्याकडे हा आजार आहे तरी का?

सिलियाक म्हणजे गोऱ्यांचा किंवा फार तर पंजाब्यांचा आजार, असं मराठवाड्यात अजूनही ऐकू येतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३,३३१ निरोगी प्रौढांच्या रक्ताची तपासणी झाली. सिलियाकशी संबंधित प्रतिपिंडं उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सापडली. उत्तर आणि दक्षिण यांत बारा पटींचा फरक!

मग दक्षिणेतल्या लोकांची जनुकं वेगळी आहेत का? तेही तपासलं. सिलियाक व्हायला जी जनुकं लागतात, ती उत्तरेत ३८.१ टक्के लोकांत होती आणि दक्षिणेत ३६.४ टक्के लोकांत. म्हणजे जवळपास सारखीच. फरक होता ताटात. उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत फक्त २५ ग्रॅम.

या तीन भागांत मराठवाडा नव्हता. पण आपण कुठे बसतो याचा अंदाज करता येतो. बिलोली तेलंगणाच्या सीमेवर. पलीकडे बोधनच्या बाजूला जिला 'जोन्न रोट्टे' म्हणतात, तीच आपली ज्वारीची भाकरी. दोन्हीकडचं जुनं ताट भाकरी-भाताचं. गव्हाची पोळी सणाची, पाहुण्यांची. आता महाराष्ट्रात ज्वारीचं क्षेत्र ४० वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आलंय, आमच्या भागात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनवर गहू दोन रुपये किलोने मिळायला लागला आणि जानेवारी २०२३ पासून तर तो फुकट आहे. शाळू मात्र बाजारातून विकत घ्यावा लागतो. पोळी रोजची झाली ती अशी. आजीच्या पिढीत सिलियाक नव्हता, म्हणून नातवाला नसेलच, असं आता धरून चालता येत नाही.

तपासणी आधी, पथ्य नंतर

सिलियाकची पहिली तपासणी साध्या रक्ताची. टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडं आणि सोबत एकूण आयजीए. काही लोकांच्या शरीरात आयजीएच कमी असतं, मग टीटीजी खोटंच नॉर्मल दिसतं, म्हणून दुसरी संख्याही बघायची. टीटीजी वाढलेलं असेल तर पोटाचे तज्ज्ञ एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा कणभर तुकडा तपासतात.

पण अट एक आहे, आणि तीच बहुतेकांना कुणी सांगत नाही. ही तपासणी गहू खात असतानाच करायची. गहू बंद केला की प्रतिपिंडं आठवड्या-महिन्यांत खाली यायला लागतात, आतडंही भरून यायला लागतं. मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. माझा भाऊ नेमका इथेच अडकला होता. दोन महिने पथ्य करून त्याने स्वतःच पुरावा पुसला होता.

अशा वेळी उपाय एकच: गहू परत सुरू करायचा. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेचा सल्ला आहे, की तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असावं. फारच त्रास होणार असेल तर जनुकांची तपासणी हा दुसरा रस्ता आहे. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. ती जनुकं नसतील तर सिलियाक जवळजवळ नाहीच. पण असली म्हणून सिलियाक आहे असंही नाही, कारण आपण वर पाहिलं, ती तिघांतल्या एकाहून जास्त जणांत असतात.

"ताई, पुन्हा सहा आठवडे तेच पोट?" भाऊ म्हणाला. त्याचा राग मला कळत होता. पण पर्याय काय, तर आजार आहे की नाही हे न कळता आयुष्यभर पथ्य करायचं. आणि सिलियाक असेल तर चिमूटभर गहूही चालत नाही, भावंडांनाही तपासावं लागतं. नसेल तर लग्नाच्या पंगतीत पुरी बघून घाबरायचं कारण नाही. दोन आयुष्यं इतकी वेगळी आहेत, की सहा आठवडे त्यासाठी घालवायला हरकत नाही.

सिलियाक नाही, तरी गहू सोडून बरं का वाटतं?

आता संशोधनातला सगळ्यात रंजक भाग. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये ३४ आयबीएस रुग्णांवर प्रयोग केला. सगळे सिलियाक नसलेले, गहू सोडून बरं वाटलेले. त्यांना रोज ब्रेड आणि मफिन दिले. काहींच्या ब्रेडमध्ये ग्लुटेन होतं, काहींच्या नाही. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णांना माहीत, ना देणाऱ्यांना. ग्लुटेन खाणाऱ्यांपैकी ६८ टक्के म्हणाले की त्रास आटोक्यात नाही, न खाणाऱ्यांपैकी ४० टक्के. जगभर बातमी झाली: सिलियाक नसला तरी ग्लुटेन बाधतं!

पण त्याच गटाला स्वतःच्या निष्कर्षाची शंका आली. गव्हात काय एकटं ग्लुटेन असतं? गव्हात फ्रुक्टन नावाचं कर्बोदकही असतं. ते पचवायचं एन्झाइम माणसाकडे नाहीच. ते तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि गॅस तयार होतो. असे पोटात आंबणारे किंवा आतड्यात पाणी ओढणारे बारीक कर्बोदकांचे जे प्रकार आहेत, त्यांना एकत्रितपणे फॉडमॅप म्हणतात. गॅस सगळ्यांनाच होतो. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, म्हणून जेवढ्या गॅसने तुम्हाला फक्त ढेकर येईल, तेवढ्याने त्यांना कळ येते.

२०१३ मध्ये मोनॅशने ३७ जणांवर नवा प्रयोग केला. आधी दोन आठवडे सगळ्यांना फॉडमॅप कमी असलेला आहार दिला. सगळ्यांना बरं वाटलं. मग त्याच आहारात एक आठवडा रोज १६ ग्रॅम शुद्ध ग्लुटेन, एक आठवडा २ ग्रॅम, आणि एक आठवडा ग्लुटेनऐवजी दुधातलं प्रथिन. एका मध्यम पोळीत अंदाजे अडीच ग्रॅम ग्लुटेन धरलं, तर १६ ग्रॅम म्हणजे सहा-सात पोळ्या. निकाल? खास ग्लुटेनमुळे त्रास फक्त ८ टक्के लोकांना झाला. दोनच वर्षांत स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष त्यांनी दुरुस्त केला. विज्ञानातली ही गोष्ट मला फार आवडते.

२०१८ मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये हेच आणखी नेमकं तपासलं. ५९ जण, स्वतःहून ग्लुटेन सोडलेले, सिलियाक नसलेले. एक आठवडा ग्लुटेन घातलेली वडी, एक आठवडा फ्रुक्टनची, एक आठवडा दोन्ही नसलेली. त्रासाचे सरासरी गुण असे: फ्रुक्टन ३८.६, काहीच नसलेली वडी ३४.३ आणि ग्लुटेन ३३.१. ग्लुटेनच्या आठवड्यात त्रास सगळ्यात कमी!

आणि त्या 'काहीच नसलेल्या' वडीनेही त्रास झाला, याकडे बघा. ५९ पैकी २२ जणांना सर्वात जास्त त्रास त्याच आठवड्यात झाला. बाधणार असं मनात धरून खाल्लं की खरंच बाधतं. याला नोसिबो म्हणतात. हे नाटक नव्हे. मेंदू आणि आतडं नसांनी जोडलेले आहेत, भीतीने आतडं खरोखर वेगळं वागतं. बसच्या आधी पोट बिघडतं ते याच वाटेने.

मग पथ्य निरुपयोगी का? तसंही नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आयबीएसच्या रुग्णांना तीन प्रकारचे आहार दिले. वेळेवर, थोडं, कमी तेलकट-तिखट खा, चहा-कॉफी कमी करा असा पारंपरिक सल्ला पाळून ४२ टक्के लोकांना आराम पडला. फॉडमॅप कमी केल्यावर ५५ टक्क्यांना, ग्लुटेन सोडल्यावर ५८ टक्क्यांना. हे आकडे वेगळे दिसतात, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तिन्हींत फरक ठरला नाही. पारंपरिक सल्ला सगळ्यात स्वस्त आणि पाळायला सोपा होता. आपल्या आजीचाच सल्ला तो.

ग्लुटेन सोडलं की फ्रुक्टन आपोआप कमी होतं. शिवाय ब्रेड, खारी, बिस्किटं, समोसे, हॉटेलातली तेलकट पुरी हे सगळं सुटतं. आराम खरा असतो. त्याचं श्रेय चुकीच्या घटकाला जातं, एवढंच.

ग्लुटेन नसलेलं ताट, तरी पोट डब्ब

श्रेय चुकलं तर बिघडलं कुठे? बिघडतं असं. मराठवाड्यातलं ग्लुटेनमुक्त ताट कोणतं? ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. यात ग्लुटेनचा कणही नाही. पण कांद्यात फ्रुक्टन भरपूर. ठेच्यातल्या लसणात त्याहून जास्त. पिठल्याच्या बेसनात हरभऱ्याची कर्बोदकं, तीही फॉडमॅपच. म्हणजे ग्लुटेनच्या हिशेबात हे ताट शंभर टक्के पास, आणि आयबीएसच्या हिशेबात गॅसचा कारखाना. गहू सोडलेला माणूस हे खाऊन रात्रभर तळमळतो आणि म्हणतो, "आता ज्वारीबी बाधायली." मग ज्वारी सुटते. मग दूध, मग डाळ. शेवटी माणूस भात-ताकावर येतो आणि वजन उतरतं. ग्लुटेनला एकट्याला गुन्हेगार धरल्याची ही किंमत आहे.

उलट दोन पोळ्या आणि दोडक्याची बिनकांद्याची भाजी बऱ्याच आयबीएसवाल्यांना पचून जाते. फॉडमॅपचा सगळा खेळ मात्रेचा आहे. सिलियाकमध्ये मात्रा नसते, आयबीएसमध्ये मात्राच सगळं असते.

चव सोडायचीही गरज नाही. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या फोडणीच्या तेलात परतून काढून टाका, वास राहतो, फ्रुक्टन जातं. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग घ्या. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून शिजवा.

मग करायचं काय?

एक. आधी धोक्याच्या खुणा बघा. मलात रक्त, कारण नसताना वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी असणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यांतलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बंद आणि डॉक्टर आधी. आपल्या देशात आतड्याचा क्षयही होतो, तो पथ्याने जात नाही.

दोन. गहू खात असतानाच टीटीजी आणि एकूण आयजीए करून घ्या.

तीन. सिलियाक नाही हे कळल्यावर महिनाभर साधा सल्ला पाळा. जेवणाच्या वेळा ठरवा, पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ नका, चहा मोजा, तेलकट कमी करा.

चार. तेवढ्याने भागलं नाही, तर चार ते सहा आठवडे फॉडमॅप कमी करून बघा, शक्यतो आहारतज्ज्ञाच्या मदतीने. मग एकेक पदार्थ परत आणा. तीन दिवस पोळी, मग तीन दिवस कांदा, मग डाळ. दोन नव्या गोष्टी एकदम नको. वहीत लिहा. डिकेंनी जे मुलांच्या बाबतीत केलं, तेच तुम्ही स्वतःच्या बाबतीत करताय. परत आणण्याची ही पायरी गाळू नका. पथ्य हा प्रयोग आहे, त्याला शेवट असायला हवा.

आणि तपासणीत सिलियाक निघालाच तर? तर पथ्य आयुष्यभर आणि कडक, पण ज्वारीच्या मुलखात जन्मल्याचा फायदा तुम्हाला आहे. डबाबंद पिठाची गरज नाही. 'ग्लुटेन फ्री' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन लागतं, एवढी ती मर्यादा बारीक. म्हणून गिरणीचं बघा. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी पडली तर गहू मिसळतोच. घरी छोटी गिरणी घेतलेली बरी. धपाट्यात गव्हाचं पीठ घालतात, येसरात बऱ्याच घरी गहू भाजून घालतात, कुरडया गव्हाच्याच, आणि बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. हे सगळं आयबीएसवाल्याने मनावर घ्यायचं कारण नाही. सिलियाकवाल्याने मात्र विसरायचं नाही.

भावाचं पुढे काय झालं

कुरकुर करत त्याने सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ पोळी खाल्ली. पहिला आठवडा वाईट गेला, पुढचे तेवढे नाही. बिलोलीत रक्त दिलं, नमुना बाहेर गेला, चार दिवसांनी रिपोर्ट आला. टीटीजी नॉर्मल, आयजीए नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएसच ठरवलं.

आता त्याच्याकडे एक वही आहे. पहिल्या पानांवरून दिसतंय ते असं: दोन पोळ्यांना काही होत नाही, चारला होतं. बाजारच्या दिवशीच्या कांदाभज्यांना तर हमखास होतं. डाळीचं पान अजून लिहायचं राहिलंय.

परवा फोन केला तर म्हणाला, "ताई, आटा मागवलो नाही. पैसे वाचले. पण कांद्याचं काय करू? कांद्याशिवाय भाकर जातच नाही ना."

"पात खा," म्हटलं. "हिरवी बाजू."